गुगलवर जाहिरात कितव्या जागी हवी? नाशिकरोडच्या चार टॅक्सींच्या हिशोबातून

सकाळी साडेसातला फोन वाजला की कोण असेल ते मला कळतं. "अहो, आत्ताच मोबाईलवर टाकून बघितलं, आपण तिसरे येतोय. वरचे दोघं कोण आहेत? आपल्याला त्यांच्या वर टाका." नाशिकरोड स्टेशनजवळून चार गाड्या चालवणाऱ्या काकांचा हा फोन असतो. शिर्डी, त्र्यंबकेश्वर, वणी, शनिशिंगणापूर ही त्यांची नेहमीची भाडी. गुगलवर कुणी 'नाशिक ते शिर्डी टॅक्सी' शोधलं की त्यांची जाहिरात दिसते आणि कुणी तिच्यावर बोट ठेवलं की त्या क्लिकचे पैसे जातात.

शहरातल्या छोट्या व्यावसायिकांच्या अशा जाहिराती मी सांभाळतो. अंबडचा कारखानदार असो की इंदिरानगरचा फ्रिज-एसी दुरुस्तीवाला, पहिल्या महिन्यात हा प्रश्न येतोच. तेव्हा मी त्यांच्याकडे आलेल्या फोनांची आणि ठरलेल्या कामांची वही मागतो. जाहिरात कितव्या जागी असावी हे त्या वहीतूनच निघतं. वर चढायला घातलेला जादाचा रुपया जिथपर्यंत परत येतो तिथपर्यंत चढायचं, येत नाही तिथे थांबायचं. ती जागा कशी शोधायची ते पुढे सांगतो. उदाहरणाला काकांचाच धंदा घेतो. आकडे मात्र हिशोब डोक्यात बसावा म्हणून गोल धरलेले आहेत. तुमच्या धंद्याचे आकडे तुम्ही घालायचे.

आधी स्वतःची जाहिरात शोधणं थांबवा

नाशिकरोडला बसून सकाळी साडेसातला दिसलेला नंबर हा त्या फोनचा, त्या जागेचा आणि त्या क्षणाचा असतो. त्याच वेळी अंधेरीतल्या किंवा हैदराबादच्या गिऱ्हाइकाला वेगळा क्रम दिसत असतो, कारण प्रत्येक शोधाला जाहिरातदारांच्या बोलींचा, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार याचा, नवा लिलाव होतो. शिवाय आपण रोज शोधतो आणि पैसे जाऊ नयेत म्हणून क्लिक करत नाही. त्यामुळे 'दाखवली पण कुणी दाबली नाही' अशी नोंद आपल्याच जाहिरातीच्या नावावर चढत जाते. घरातले चार जण आणि चार ड्रायव्हर मिळून दिवसाला वीस वेळा बघत असतील, तर छोट्या खात्यात तेवढंही जाणवतं.

गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात टूल्समध्ये 'अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' नावाची सोय आहे. तिथे गाव, भाषा आणि मोबाईल की कॉम्प्युटर ते निवडायचं आणि शब्द टाकायचे. पान कसं दिसतं ते कळतं आणि नोंदही चढत नाही. काकांच्या मुलाच्या फोनवर मी ते उघडून दिलं, तेव्हापासून सकाळचे फोन कमी झाले.

'कितवा नंबर' हा आकडा आता कुठून बघायचा

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. १९९८ मध्ये अमेरिकेत गोटू डॉट कॉमने शोधाच्या निकालातल्या जागा लिलावाने विकायला सुरुवात केली, तेव्हा ज्याची बोली मोठी तो वर, एवढाच नियम होता. गुगलने २००२ मध्ये क्लिकवर पैसे घेणारी पद्धत आणली आणि बोलीबरोबर 'लोक ही जाहिरात किती वेळा दाबतात' हेही क्रमात धरलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये कॉम्प्युटरवरच्या पानाच्या उजव्या बाजूची जाहिरातींची रांग गेली; वर जास्तीत जास्त चार आणि खाली तीन अशी मांडणी आली. आणि ३० सप्टेंबर २०१९ ला गुगलने 'सरासरी स्थान' हा रकानाच काढून टाकला.

तो गेला ते बरंच झालं, असं माझं मत आहे. तो आकडा जाहिरातींचा आपसातला क्रम सांगायचा. जाहिरात पानावर नेमकी कुठे होती ते सांगायचा नाही. वरच्या भागात एकही जाहिरात नसेल आणि तुमची तळाशी पहिली असेल, तरी तो '१' दाखवायचा. माणूस खूश आणि फोन मात्र बंद.

आता चार रकाने बघायचे. ते दोन जोड्यांमध्ये आहेत आणि गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

पहिली जोडी 'इम्प्रेशन टॉप टक्के' आणि 'इम्प्रेशन अ‍ॅब्सोल्यूट टॉप टक्के' यांची. तुमची जाहिरात जेवढ्या वेळा दिसली, त्यातल्या किती वेळा ती वरच्या गटात होती आणि किती वेळा अगदी पहिली होती, हे त्यातून कळतं. दुसरी जोडी 'सर्च टॉप इम्प्रेशन शेअर' आणि 'सर्च अ‍ॅब्सोल्यूट टॉप इम्प्रेशन शेअर' यांची. वरच्या जागेवर दिसण्याच्या जेवढ्या संधी तुम्हाला मिळू शकल्या असत्या, त्यातल्या किती तुम्ही घेतल्या, हे ही जोडी सांगते.

समजा आठवड्यात योग्य शोध हजार झाले. तुमची जाहिरात फक्त दोनशे वेळा दिसली, पण त्यातल्या एकशेऐंशी वेळा वर होती. पहिल्या जोडीत तुम्हाला ९० टक्के दिसेल आणि वाटेल, आपण तर वरच आहोत. दुसऱ्या जोडीतला आकडा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास असेल. म्हणजे ज्या आठशे शोधांत तुम्ही दिसलाच नाहीत, त्यांचं दुःख पहिल्या जोडीत कुठेच उमटत नाही. जागा कळण्यासाठी पहिली जोडी आणि हुकलेला बाजार कळण्यासाठी दुसरी, असं मी लक्षात ठेवतो.

लिलाव कसा चालतो, आणि तो लासलगावसारखा का नाही

आपल्याकडे लिलाव म्हटलं की लासलगावचा किंवा पिंपळगाव बसवंतचा कांदा डोळ्यांसमोर येतो. तिथे व्यापारी भाव पुकारतो, सगळ्यात चढा भाव टिकतो आणि तोच द्यावा लागतो. गुगलच्या लिलावात दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

एक म्हणजे बोली लावणाऱ्याचा दर्जाही मोजला जातो. जाहिरातीचा क्रम ठरवणाऱ्या गुणाला 'अ‍ॅड रँक' म्हणतात. त्यात तुमची बोली, जाहिरात दाबली जाण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दांशी ती किती जुळते, क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, फोन-पत्ता-लिंक यांसारखी जोडलेली माहिती, शिवाय शोधणाऱ्याचं ठिकाण, वेळ आणि उपकरण हे सगळं धरलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे जिंकणाऱ्याला आपली पूर्ण बोली द्यावी लागत नाही. खालच्याला मागे ठेवायला, आणि त्या जागेचा किमान उंबरठा ओलांडायला जेवढे लागतात तेवढेच जातात.

फार सोपं करून मांडतो. शेजारच्या टॅक्सीवाल्याची बोली २० रुपये आणि दर्जा ४, तर गुण ८०. काकांची बोली १२ रुपये आणि दर्जा ८, तर गुण ९६. काका वर येतात. आणि त्यांना पडतात ८० भागिले ८, म्हणजे १० रुपये आणि वर थोडे पैसे. बोली कमी, जागा वरची आणि खर्च त्याहूनही कमी. खरं गणित यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे, पण दिशा हीच.

म्हणून जागा सुधारायची तर बोलीला हात लावायच्या आधी दर्जा बघा. खात्यात प्रत्येक शब्दापुढे १ ते १० मधला 'क्वालिटी स्कोअर' आणि त्याचे तीन भाग दिसतात. लिलावात तो आकडा थेट वापरला जात नाही. आजार कुठे आहे ते मात्र तो दाखवतो.

काकांच्या खात्यात आजार पानात होता. जाहिरातीत 'नाशिक ते शिर्डी' लिहिलेलं आणि क्लिक केल्यावर उघडायचं ते 'आमच्याविषयी'. आम्ही शिर्डीसाठी आणि त्र्यंबकेश्वरसाठी वेगळी पानं केली. वर गाडीचा प्रकार आणि एकूण भाडं, टोल धरलेला की नाही, स्टेशनच्या कोणत्या बाजूला गाडी उभी असेल आणि मोठं फोनचं बटण, बस. फोटो छोटे केले, कारण गिऱ्हाईक गाडीत किंवा रेल्वेत बसून बघतं. इगतपुरीच्या घाटात नेटवर्कची काय अवस्था असते ते आपण जाणतो. शब्दांचे गटही वेगळे केले. मराठीत 'नाशिक' लिहिणारा आणि हिंदीत 'नासिक' लिहिणारा, दोघांना आपापल्या भाषेतली जाहिरात दिसली की ती जास्त दाबली जाते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच असो वा नसो, ते गुगल बहुतेक वेळा स्वतः जुळवून घेतं, त्यासाठी वेगळा खटाटोप नको.

त्याचबरोबर 'सर्च टर्म्स' अहवाल उघडून नको ते शब्द वगळले. 'नाशिक शिर्डी बस वेळापत्रक', 'टॅक्सी ड्रायव्हर नोकरी' असल्या शोधांत आपण दिसत होतो. तिथे कितव्याही जागी दिसलो तरी पैसे वायाच.

एका क्लिकची किंमत वहीतून काढा

या पायरीशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. जाहिरातीच्या पानावर वेगळा मोबाईल नंबर द्या, म्हणजे त्यावर आलेला फोन जाहिरातीचा हे आपोआप कळतं. फोनजवळ वही ठेवा: तारीख, वेळ, कुठून कुठे, भाडं ठरलं की नाही, नसेल तर का.

काकांच्या धंद्यात धरू की एका ठरलेल्या भाड्यातून डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचे पैसे वजा जाता ६०० रुपये उरतात. चार फोनांतून एक भाडं ठरतं, म्हणजे एका फोनची किंमत १५० रुपये. पाच क्लिकमधून एक फोन येतो, म्हणजे एका क्लिकची किंमत ३० रुपये. आता बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही त्याच्यासाठी तो खर्चच आहे. ३० भागिले १.१८, म्हणजे साधारण २५ रुपये. खात्यात दिसणाऱ्या दरात क्लिक २५ रुपयांच्या वर गेली की त्या क्लिकवर तोटा.

बरेच जण इथवर येतात आणि म्हणतात, मग सरासरी २५ च्या आत आहे तोवर वर चढत राहू. सगळ्यात मोठी चूक ती हीच.

तीन टप्प्यांचा प्रयोग

बोली तीन पातळ्यांवर ठेवून प्रत्येक पातळीवर दोन आठवडे थांबा. खालची, म्हणजे जाहिरात बहुतेक तळाशी. मधली, म्हणजे बहुतेक वरच्या गटात, पण पहिली क्वचित. वरची, म्हणजे बहुतेक पहिली. किती बोलीला कुठे पोचू याचा अंदाज शब्दांपुढच्या 'एस्टिमेटेड टॉप ऑफ पेज बिड' आणि 'फर्स्ट पोझिशन बिड' या रकान्यांतून येतो. या काळात जाहिरातीचा मजकूर, पान, भाडं काही बदलायचं नाही. पातळीमागे निदान शंभर क्लिक जमल्याशिवाय निष्कर्षाला हात घालू नका; पाच-दहा क्लिकवर आलेले आकडे नुसते योगायोगाचे असतात.

आपल्या गावात आणखी एक पथ्य आहे. श्रावणी सोमवार, त्यातही तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी, पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा, नाताळची सुट्टी, लांबलेले शनिवार-रविवार हे आठवडे प्रयोगात धरू नका. गर्दीमुळे वाढलेले फोन आपण जागेच्या नावावर टाकून बसतो. ज्यांच्याकडे क्लिक भरपूर आहेत त्यांनी खात्यातल्या 'एक्सपेरिमेंट्स'मध्ये अर्धे शोध एका बोलीवर आणि अर्धे दुसऱ्या बोलीवर असे एकाच वेळी चालवावेत. मग सणावाराचा प्रश्न उरत नाही.

समजा आठवड्याचे आकडे असे आले. खालच्या पातळीवर ६० क्लिक, सरासरी ९ रुपये, खर्च ५४०. मधल्या पातळीवर ११० क्लिक, सरासरी १३, खर्च १,४३०. वरच्या पातळीवर १४० क्लिक, सरासरी १९, खर्च २,६६०.

सरासरी तिन्हीकडे २५ च्या आत आहे. आता जादाचा हिशोब करा. खालून मधे येताना ५० क्लिक वाढल्या आणि ८९० रुपये वाढले. जादाची प्रत्येक क्लिक पावणेअठरा रुपयांच्या आसपास पडली. २५ च्या आत, म्हणजे चढणं योग्य. मधून वर जाताना ३० क्लिक वाढल्या आणि १,२३० रुपये वाढले. जादाची प्रत्येक क्लिक ४१ रुपयांना पडली. किंमत २५ ची आणि खरेदी ४१ ला. असं का होतं? पहिल्या जागेसाठी बोली वाढवली की नुसत्या नव्या ३० क्लिक महाग होत नाहीत, आधीच्या ११० सुद्धा महाग होतात.

हातात काय उरतं तेही बघा. क्लिकला २५ धरून खाली ९६० रुपये, मधे १,३२० आणि वर ८४०. पहिल्या जागेवर काकांना तळापेक्षाही कमी उरतंय, आणि फोन जास्त घेतल्याचा थकवा वेगळा. गुगलचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ हॅल व्हेरियन बोली ठरवताना याच जादाच्या क्लिकच्या खर्चाकडे बघायला सांगायचे.

मग प्रश्न येतो: वरच्या जागेवरचं गिऱ्हाईक जास्त पक्कं असतं का? व्हेरियन यांच्या गटाने २००९ मध्ये हे तपासलं. अकरा जाहिराती असलेल्या पानांवर पहिल्या आणि शेवटच्या जागेमधला, क्लिकचं गिऱ्हाईक होण्याच्या प्रमाणातला फरक ५ टक्क्यांहून कमी निघाला. शंभरातला एक खरेदी करत असेल, तर तळाशी ०.९५. तेव्हाची पानं वेगळी होती, बहुतेक शोध कॉम्प्युटरवरून व्हायचे, म्हणून तो आकडा डोळे झाकून घेऊ नका. खात्यात 'सेगमेंट' मधून 'टॉप व्हर्सेस अदर' निवडा. वरच्या आणि इतर जागांवरच्या क्लिक, दर आणि गिऱ्हाइकं वेगवेगळी दिसतात. टॅक्सीच्या धंद्यात माझा अनुभव असा की पहिल्या जागेवरून घाईचे फोन जास्त येतात आणि नुसता भाव विचारून ठेवणारेही जास्त येतात. खालून येणारा माणूस दोन पानं बघून आलेला असतो. तुमच्या वहीत याहून वेगळं दिसलं तर वहीवर विश्वास ठेवा.

बजेट दुपारीच संपत असेल तर

हे वेगळं सांगावं लागतं, कारण इथे मन उलट दिशेला धावतं. 'सर्च लॉस्ट इम्प्रेशन शेअर' दोन प्रकारचा असतो: रँकमुळे हुकलेला आणि बजेटमुळे हुकलेला. बजेटमुळे हुकलेला वाटा मोठा असेल तर बोली वाढवू नका, कमी करा. १९ रुपयांच्या क्लिक दिवसाला ३०० रुपयांत पंधरा येतात. जागा थोडी उतरवून १२ रुपयांना घेतल्या तर त्याच पैशांत पंचवीस येतात आणि संध्याकाळच्या शोधांतही आपण असतो.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः ही चूक केली. एका दुरुस्तीवाल्याला महिनाभर पहिल्या जागेवर ठेवलं. बजेट रोज दुपारी दोनच्या आत संपायचं आणि त्याची खरी गिऱ्हाइकं कामावरून घरी येऊन सात वाजता शोधायची. महिन्याचं बिल देताना त्याचा चेहरा मला अजून आठवतो. रोजच्या बजेटबद्दल एवढंही लक्षात ठेवा की गुगल एखाद्या दिवशी दुप्पटीपर्यंत खर्च करू शकतं आणि महिन्याचा हिशोब रोजच्या बजेटच्या ३०.४ पट मर्यादेत ठेवतं. म्हणून एका दिवसाचा आकडा बघून घाबरून बंद करू नका.

वेळ, गाव आणि मोबाईल

जागा दिवसभर एकच असावी असं काही नाही. काकांकडे चार गाड्या. चारही बाहेर असताना पहिल्या जागेवर राहून फोन घ्यायचे आणि "गाडी नाही" म्हणायचं, याचे पैसे कशाला भरायचे? वहीत दिसलं की उद्याच्या प्रवासाचं बुकिंग बहुतेक संध्याकाळी सात ते अकरा या वेळात होतं. म्हणून त्या वेळेला बोली वाढवली, दुपारी उतरवली आणि चारही गाड्या लागल्या की जाहिरात थांबवायला मुलाला शिकवलं.

गावाच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात: त्या ठिकाणी असलेली माणसं, किंवा त्या ठिकाणी असलेली अथवा त्यात रस दाखवणारी माणसं. टॅक्सीला दुसरा पर्याय हवा, कारण गिऱ्हाईक आदल्या रात्री मुंबईत किंवा हैदराबादेत बसून नाशिक शोधत असतं. एसी दुरुस्तीवाल्याला पहिला हवा, आणि तोही आपल्या माणसाला जाता येईल एवढाच परिसर. सातपूरच्या दुकानाने नाशिकरोडच्या फोनसाठी वरची जागा विकत घ्यायची आणि मग द्वारका चौकातल्या वाहतुकीत तास घालवायचा, याला अर्थ नाही. जवळच्या भागात बोली वाढवा, लांबच्या भागात उतरवा.

मोबाईलवर पहिल्या एक-दोन जाहिरातींतच पडदा भरतो. तिसरी बघायला बोट सरकवावं लागतं. कॉम्प्युटरवर तिसरी जागा सहज डोळ्यांत भरते. म्हणून प्रयोगाचे आकडे उपकरणानुसार वेगळे काढा. मधली पातळी बरी की वरची, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं येऊ शकतं.

जिथे वर असायलाच हवं, आणि जिथे नको

मुंबई-आग्रा हायवेवर बंद पडलेल्या गाडीसाठी टोइंग शोधणारा माणूस यादी वाचत बसत नाही, पहिला फोन लावतो. रात्री कुलूप उघडून देणारा, फुटलेल्या पाइपसाठी प्लंबर, यांना पहिल्या जागेची जादा किंमत बहुतेक वेळा परवडते, कारण एका क्लिकमधून फोन येण्याचं प्रमाणच मोठं असतं. स्वतःच्या नावाच्या शोधातही वर असावं. दर्जा जुळत असल्याने ती जागा सहसा स्वस्त पडते. पण आधी 'ऑक्शन इनसाइट्स', म्हणजे लिलावात आपल्यासमोर कोण आहे ते दाखवणारा अहवाल, उघडून बघा. आपल्या नावावर दुसरं कुणी बोली लावत नसेल आणि खाली आपलं पान तसंच पहिलं येत असेल, तर तो खर्च करायचा की नाही याचा विचार करा.

उलट अंबडमधला एक कंट्रोल पॅनल बनवणारा माझ्याकडे आहे. त्याचा खरेदीदार ऑफिसात कॉम्प्युटरवर बसून पाच-सहा कारखान्यांकडून कोटेशन मागवतो. तो चौथ्या जाहिरातीपर्यंत आणि तळापर्यंत जातोच. तिथे आम्ही मुद्दाम खाली राहतो आणि वाचलेले पैसे तांत्रिक माहितीचं पान सुधारण्यात घालतो. लग्नाचे लॉन्स, फ्लॅट, शाळेचे प्रवेश यांचंही बरंचसं असंच. माणूस चार ठिकाणं बघूनच ठरवतो.

जागा यंत्राच्या हाती देताना

'टार्गेट इम्प्रेशन शेअर' नावाच्या बोलीच्या पद्धतीत पानावर कुठेही, वरच्या गटात, किंवा अगदी पहिली, असं सांगून टक्केवारी देता येते. यात क्लिकची कमाल मर्यादा टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही पद्धत फक्त जागा बघते; गिऱ्हाईक आलं की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसतं. मर्यादा म्हणून वहीतून निघालेला आकडा टाका, आणि 'अगदी पहिली, १०० टक्के' असं कधीही मागू नका.

'मॅक्सिमाइज कन्व्हर्जन्स' (बजेटमध्ये जास्तीत जास्त गिऱ्हाइकं आण) किंवा 'टार्गेट सीपीए' (एका गिऱ्हाइकामागे सरासरी एवढाच खर्च कर) या पद्धती वापरत असाल तर जागा तुमच्या हातात राहत नाही. यंत्र प्रत्येक शोधाला वेगळी बोली लावतं. मग जागेचे रकाने फक्त तपासणीपुरते बघायचे. पण त्या यंत्राला शिकायला खरी गिऱ्हाइकं लागतात. महिन्याला पाच-सात फोनांची नोंद असलेल्या खात्यात मी अजूनही हाताने बोली लावतो. आणि नोंद चुकीची असेल, म्हणजे नुसतं पान उघडलं तरी गिऱ्हाईक मोजलं जात असेल, तर यंत्र मन लावून चुकीची माणसं गोळा करत राहतं.

सगळे आकडे तोट्यात आले तर

असंही होतं: तिन्ही पातळ्यांवर जादाची क्लिक किमतीपेक्षा महाग. अशा वेळी जागा बदलून काही साधत नाही. आधी वहीतला 'का नाही ठरलं' हा रकाना वाचा. काकांच्या वहीत पहिल्या महिन्यात 'फोन उचलला नाही' असं बऱ्याच ओळींत होतं, कारण गाडी चालवताना फोन त्यांच्याच खिशात असायचा. तो फोन घरी काकूंकडे दिला. चार फोनांमागे एक ठरायचं, ते तीनांमागे एक झालं, तर फोनची किंमत १५० वरून २०० होते आणि क्लिकची ३० वरून ४०. जीएसटी वजा जाता ३४ च्या जवळपास. मग कालपर्यंत महाग वाटणारी जागा परवडू लागते.

सिंहस्थाच्या आधी करून ठेवायचं काम

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. टॅक्सी, हॉटेल, धर्मशाळा, पूजेच्या सेवा यांच्या शब्दांवर बाहेरगावचे मोठे खेळाडूही बोली लावतील आणि वरच्या जागेचा दर चढेल, हे कुठल्याही यात्रेच्या आठवड्यावरून कळतं. त्याच वेळी भाडंही बदलेल, फोनही वाढतील आणि गाड्या मात्र चारच राहतील. तेव्हा आजचा २५ चा आकडा कामाचा राहणार नाही. दर आठवड्याला नव्याने काढावा लागेल.

त्यासाठी तुलनेला साधे, गर्दी नसलेले आठ आठवडे हाताशी हवेत. प्रत्येक आठवड्याचे क्लिक, खर्च, वर दिसण्याचं प्रमाण, हुकलेला वाटा, फोन आणि ठरलेली भाडी, एका पानावर एक आठवडा. काकांच्या वहीत अशी पाच पानं भरली आहेत. उरलेली तीन श्रावण सुरू व्हायच्या आत भरून घ्यायचं आम्ही ठरवलं आहे.